क्लेमच्या फायलीत आपल्याविषयी काय लिहिलंय, आणि ते कसं मागायचं

पऱ्हाटी_धुरा

आपल्याकडे गावात विमा चार वाटांनी येतो. पीक विमा, बँकेच्या खात्यातून परस्पर कटणारे २० आणि ४३६ रुपये (पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विमा), एजंटाकडून घेतलेली मेडिक्लेम किंवा आयुर्विमा, आणि हप्ता न भरता मिळणारी महात्मा फुले व आयुष्मान भारत योजना. क्लेम अडकला की बोलणं 'कंपनी लुटारू' इथे येऊन थांबतं. लुटारू असेलही, पण नाकारल्याची पत्रं नीट वाचली तर बहुतेकांत कारण कागदावरचं निघतं. गट नंबर जुळत नाही, नावात फरक, आजार जुना असल्याची नोंद, तारीख उशिराची. म्हणजे क्लेम आपल्या माहितीवर ठरतो, ती भरतो दुसराच कोणी, आणि आपण ती पाहतो सगळ्यात शेवटी.

म्हणून हा धागा. कोणत्या विम्यात कोणती नोंद कुठे होते, ती कशी तपासायची, चुकली तर कशी दुरुस्त करायची, नाही झाली तर कुठे जायचं, एवढंच लिहू. कंपन्यांची नावं घेऊन भांडण नको.

पीक विम्यापासून सुरुवात करतो. सेवा केंद्रावर अर्जाची पावती हातात आली की त्याच टेबलासमोर उभं राहून या गोष्टी पाहायच्या. गट नंबर आणि पोटहिस्सा सातबाऱ्याप्रमाणे आहे का. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आहे का. आपण बोलतो एकरात, अर्ज असतो हेक्टरात, आणि एक एकर म्हणजे साधारण ४० आर, म्हणजे ०.४०. तिथे ४.०० पडलं की क्षेत्र आठ-अ पेक्षा जास्त होतं आणि अर्ज छाननीत जातो. पीक कोणतं लिहिलं. सोयाबीनमध्ये तूर असेल तर दोन्ही पिकांचं क्षेत्र ओळींच्या प्रमाणात वेगळं दाखवावं लागतं. पूर्ण क्षेत्र सोयाबीन दाखवलं आणि ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीत) तूर निघाली की तफावत तयार. खरीप २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी दोन्ही लागतात. अर्ज आणि पाहणी जुळली नाही तर पाहणीतलं पीक धरतात, अर्जातलं नाही.

आणि गाव कोणत्या महसूल मंडळात (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) पडतं ते. मंडळांची फोड झालेल्या भागात हे विशेष पाहा, कारण नुकसानभरपाई मंडळाच्या आकड्यावर ठरते, तुमच्या वावराच्या नाही.

बोंडअळी_यवतमाळ

हे सगळं बराबर हाये भाऊ, पण शेवटच्या दिवशी सेंटरवर शंभर जनाची रांग अस्ते, सर्व्हर बसलेला अस्ते, तिथं पावती कोन वाचते? आन मोबाईल नंबरच्या जागी ऑपरेटर आपलाच नंबर टाकून देते. मंग सगळे मेसेज त्याच्याकडं.

लेखापाल_अकोला

बोंडअळी, मोबाईल नंबरचा मुद्दा बारीक नाही. कॅगने ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारतच्या तपासणीचा अहवाल मांडला, त्यात ९९९९९९९९९९ या एकाच नंबराशी सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले निघाले. दहा वेळा नऊ. नोंदणी करणाऱ्याला नंबर विचारायचा कंटाळा आला की असं होतं. पीक विम्याच्या अर्जातही दुखणं तेच. चौकशीचा फोन, क्लेमचा मेसेज, ओटीपी, सगळं त्या नंबरावर जातं. चुकीचा नंबर पडला असेल तर अर्जाची मुदत संपायच्या आत त्याच केंद्रावर दुरुस्त करून घ्या. मुदतीनंतर पोर्टलवर शेतकऱ्याला जवळजवळ काहीच बदलता येत नाही.

गर्दीवर उपाय म्हणजे शेवटचा आठवडा टाळणे. दुसरा उपाय नाही.

केंद्रचालकाला एका अर्जामागे ४० रुपये विमा कंपनी देते, तो पैसा शेतकऱ्याकडून घ्यायचा नसतो. अर्जामागे पैसे मिळणार म्हटल्यावर अर्ज वाढवण्याकडे ओढा राहतोच. एक रुपयात पीक विमा होता (खरीप २०२३ पासून दोन वर्षं), तेव्हा सरकारी जमिनी, देवस्थानाच्या जमिनी, दुसऱ्याचे गट दाखवून भरलेले चार लाखांवर बोगस अर्ज सापडल्याचं सरकारनेच सांगितलं. त्याचा उलटा फटका खऱ्या शेतकऱ्याला बसतो. आपल्या गटावर दुसऱ्याने आधीच अर्ज टाकलेला असेल तर आपला अर्ज 'दुबार' ठरतो. अशा वेळी चालू सातबारा, आठ-अ आणि पाहणीचा फोटो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. ठोक्याने किंवा बटईने केलेल्या वावरात हे जास्त होतं. मालक एकीकडे भरतो, कसणारा दुसरीकडे. नोंदणीकृत करार असेल तर कसणाऱ्याला भरता येतो, तोंडी बोलीवर नाही.

खात्याचंही सांगतो. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. जिल्हा बँक, राष्ट्रीयीकृत बँक, पोस्ट अशी तीन खाती असतील तर आधार शेवटी कुठे जोडलं ते बँकेत विचारून ठेवा. 'पैसे आलेच नाहीत' म्हणणाऱ्यांचे पैसे पुष्कळदा विसरलेल्या खात्यात पडून असतात.

कृषी_मंडळ_निरीक्षक

पऱ्हाटी यांनी मंडळाचा मुद्दा काढला, तिथे आकडे घालून दाखवतो, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहे.

मागच्या ७ वर्षांपैकी मंडळाच्या सर्वांत चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढतात. धरा सोयाबीनची ती हेक्टरी १,४०० किलो आली. जोखीम स्तर ७० टक्के, म्हणजे सरासरीच्या एवढ्या भागाची हमी. म्हणून उंबरठा उत्पादन ९८० किलो, त्याच्या खाली आलं तरच भरपाई. यंदा पीक कापणी प्रयोगांत (निवडलेल्या प्लॉटमधलं पीक कापून तोलतात ते) सरासरी ७३५ किलो आली. तूट २४५, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० धरली तर भरपाई १२,५०० हेक्टरी. दोन एकर, म्हणजे ०.८० हेक्टर असेल तर १०,००० रुपये. (आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या मंडळाचे नाहीत.)

आता दुसरी बाजू. त्याच मंडळात सरासरी १,००० किलो आली तर भरपाई शून्य. १,४०० वरून १,००० वर पीक आलं तरी ते उंबरठ्याच्या खाली गेलेलं नाही. आणि तुमच्या वावरात नाल्याचं पाणी घुसून सगळं गेलं, पण मंडळ सावरलं, तरीही शून्य. खरीप २०२५ पासून राज्यात फक्त पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान हे जादा धोके काढले गेले. हप्ताही परत आला, खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५, कापसासारख्या नगदी पिकाला ५. तरी '७२ तासांत कंपनीला कळवा' हा जुना मेसेज दर पावसाळ्यात फिरतोच. ज्या हंगामात तो धोका विम्यात आहे त्याच हंगामात ७२ तासांना अर्थ. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये रानडुक्कर-रोह्यांसारख्या वन्यप्राण्यांचं नुकसान आणि धानाचं पाण्याखाली जाणं खरीप २०२६ पासून घेण्याचं जाहीर केलं आहे. झाडीपट्टीला (पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याला) आणि जंगलालगतच्या गावांना ते महत्त्वाचं आहे, पण कोणता जिल्हा आणि कोणतं पीक हे राज्याच्या त्या हंगामाच्या शासन निर्णयात वाचूनच ठरवा.

प्रयोगाच्या आकड्याबद्दल थोडं. प्रयोगाचा प्लॉट लॉटरीसारख्या क्रमांकाने ठरतो, चांगल्या किंवा वाईट कोपऱ्यात सरकवता येत नाही. प्लॉट ५० चौरस मीटरचा असेल तर वजनातल्या एका किलोच्या चुकीने हेक्टरी २०० किलोचा फरक पडतो. वरच्या उदाहरणात २०० किलो म्हणजे भरपाईचा बहुतेक सगळा भाग. म्हणून काटा रिकामा करून शून्यावर आहे का, माल ओला आहे की वाळवून पुन्हा तोलणार, हे तिथे उभं राहून पाहायचं. कापसात तर एकाच दिवशी काम संपत नाही. प्रत्येक वेचणीचं वजन त्याच प्लॉटचं नोंदवून बेरीज करायची असते. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीला कोणी आलंच नाही की आकड्यावर पुढे कंपनी आक्षेप घेते आणि पूर्ण मंडळाचा निकाल लांबतो.

गावात समिती असते, सरपंच, पोलीस पाटील वगैरे. प्रयोग कोणत्या दिवशी, कोणत्या गटात, हे त्यांना कळवलेलं असतं. सह्या नंतर घरी बसून करू नका, एवढी विनंती.

माहिती_अर्जवाला

हे आकडे मागायचे कसे? खासगी विमा कंपनी माहिती अधिकारात थेट येत नाही. भारतीय कृषी विमा कंपनी सरकारी असल्याने येते. पण कंपनीकडे जायची गरजच नाही, कारण प्रयोगाची नोंद कृषी विभागाकडे असते.

अर्ज जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडा, शुल्क नाही. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील.

प्रश्न मोघम लिहू नका. 'पीक विम्याची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की 'माहिती विस्तृत आहे' हे उत्तर ठरलेलं. असं लिहा: 'अमुक तालुका, अमुक महसूल मंडळ, खरीप अमुक वर्ष, पीक सोयाबीन. (१) उंबरठा उत्पादन व ते काढताना धरलेली ७ वर्षांची उत्पादकता. (२) घेतलेल्या प्रत्येक प्रयोगाचं गाव, दिनांक व हेक्टरी उत्पादन. (३) कंपनीने आक्षेप घेतलेले प्रयोग व त्यावरचा निर्णय.'

नावं मागायची नाहीत. वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला, तो नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. आता 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की नकार देणं सोपं झालंय. व्यापक जनहित दाखवून कलम ८(२) खाली मागता येतं, पण लढाई लांबते. मंडळाचं उत्पादन कोणाचीही वैयक्तिक माहिती नाही. नाव, आधार, खातं याला हात न लावता मागितलं तर नकाराला जागाच उरत नाही.

संत्रा_बहार

मग लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत लावायची नाही का? बोगस क्लेम त्या यादीमुळेच पकडले जातात.

माहिती_अर्जवाला

लावावी. नाव, गट, क्षेत्र, पीक, रक्कम एवढं पुरे. आधार आणि खाते क्रमांक कशाला? आणि पीक विम्याची यादी वेगळी, दवाखान्याची वेगळी. दोनशे घरांच्या गावात 'अमुक आजाराचे क्लेम: १' एवढं लिहिलं तरी तो कोण हे सगळ्यांना कळतं, नाव लपवून काही उपयोग नाही. लहान आकडा असेल तर तालुक्याच्या पातळीवर गोळा करूनच छापायला हवा.

टीपीए_डेस्क

मेडिक्लेमवर मी लिहितो. इथे फाईल तीन जागी असते: दवाखान्यात, टीपीएकडे (म्हणजे कंपनीच्या वतीने कागद तपासणारी संस्था) आणि कंपनीत. क्लेम मोडतो तो बहुतेक पहिल्याच जागी.

रुग्ण भरती होताना कनिष्ठ डॉक्टर विचारतो, 'शुगर कधीपासून?' नातेवाईक म्हणतो, 'झाले असतील दहा वर्षं.' तो केस पेपरवर लिहितो, 'मधुमेह, १० वर्षे'. पॉलिसी घेतली चार वर्षांपूर्वी, प्रपोजल फॉर्ममध्ये मधुमेहाला 'नाही'. टीपीए इनडोअर केस पेपर (भरती असतानाच्या उपचारांची नोंद) मागवतो, ती एक ओळ सापडते आणि 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारला जातो. खरं तर शुगर दोन वर्षांपूर्वी निघालेली असते. तेव्हा अंदाजाने बोलायचं नाही. पहिला रिपोर्ट कधीचा ते सांगायचं, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणायचं. चूक पडलीच तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र घ्या, त्यात पहिल्या निदानाची तारीख आणि आधी चुकीची नोंद कशी झाली ते लिहून. केस पेपरवर खाडाखोड किंवा व्हाइटनर केलं तर फसवणुकीचा संशय घेतात आणि मग पत्रही चालत नाही.

प्रपोजल फॉर्म एजंट भरतो, सही आपली. त्याची प्रत पॉलिसीबरोबर येते, ती ३० दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत वाचा. तेवढ्यात पॉलिसी परत करता येते. फॉर्ममध्ये चुकीचं 'नाही' दिसलं तर कंपनीला लगेच लेखी कळवा. हप्ता थोडा वाढेल, पण क्लेमच्या दिवशी कागद आपल्या बाजूने असेल.

दोन मुदती पाठ हव्यात. जुन्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने (२०२४ पूर्वी ४८ होते). आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की 'माहिती लपवली' हे कारण चालत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. म्हणून हप्ता चुकवून पॉलिसी तुटू देणं महाग पडतं.

कॅशलेससाठी विमा नियामकाने (आयआरडीएआय) २९ मे २०२४ च्या परिपत्रकात वेळ बांधून दिली. पहिली मंजुरी १ तासात, दवाखान्यातून सुट्टी मिळतानाची अंतिम मंजुरी ३ तासांत. तीन तासांपलीकडे उशीर झाल्यामुळे दवाखान्याने जादा आकारलं तर तो भार कंपनीचा. प्रत्यक्षात दवाखाना बिलाचे कागद पाठवायलाच दुपार करतो आणि बोट कंपनीकडे दाखवतो. त्यासाठी दवाखान्याच्या विमा काउंटरवर कागद किती वाजता अपलोड केले ते विचारा, वेळेसह लिहून घ्या. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला असं नाही. बिल भरून परताव्याचा क्लेम करता येतो. पण मूळ बिलं, पावत्या, रिपोर्ट सगळं त्या दिवशीच ताब्यात घ्या.

वर्धा_बायपास

@टीपीए_डेस्क, रूमच्या भाड्याने बिल कापतात ते पण सांगा. नागपुरात नेलं की हेच होतं.

टीपीए_डेस्क

हो. पॉलिसी ३ लाखांची, रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ३,०००. घेतली ५,००० ची. रूमचे रोजचे २,००० तर खिशातून जातातच, शिवाय ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६० टक्के या प्रमाणात डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हेही कापतात. हे खर्च ४०,००० असतील तर २४,००० मिळतात, १६,००० गेले. मात्र औषधं, तपासण्या, इम्प्लांट, वापरून फेकायच्या वस्तू यांना हे प्रमाण लावता येत नाही. कापलेल्या रकमेचा तक्ता मागा आणि औषधाच्या ओळीत ६० टक्के लावले आहेत का ते पाहा. लावले असतील तर ती चूक एका ई-मेलवर दुरुस्त होते.

आरोग्यमित्र_गडचिरोली

सरकारी योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची मर्यादा आहे, आणि तुमच्या नावावर लागलेलं प्रत्येक पॅकेज त्यातून वजा होतं. म्हणून अंगठा किंवा चेहरा देताना कोणत्या पॅकेजसाठी (ठरलेल्या दराच्या उपचारासाठी) देतो आहोत ते आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाला) मराठीत, गोंडीत, ज्या भाषेत कळतं त्यात विचारा. तपासणी शिबिरात नुसता अंगठा घेऊन नंतर भरती दाखवणं हा जुना प्रकार आहे. योजनेत बसणाऱ्या उपचाराला वेगळे पैसे मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा, सुट्टी झाल्यावर नाही.

बँक_सखी

२० आणि ४३६ रुपयांच्या विम्यावर लिहिते. वर्ष १ जून ते ३१ मे. रक्कम मेअखेर कटते, आणि नेमका तोच आपल्याकडे बियाणं-खताचा काळ, खातं रिकामं. हप्ता कटला नाही की विमा संपला, कोणी फोन करून सांगत नाही. जूनमध्ये पासबुक भरून घ्या आणि नोंद डोळ्याने पाहा. तीन खात्यांतून तीनदा कटला तरी विमा एकच, २ लाखांचा.

२० वाला फक्त अपघाताचा आहे. वावरात काम करताना हृदयविकाराने मृत्यू आला तर तो अपघात धरत नाहीत. तिथे ४३६ वाला लागतो. साप चावला, वीज पडली, विहिरीत पडलं, करंट लागला हे अपघात. एफआयआर किंवा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. सर्पदंश, झाडावरून पडणं अशा प्रकरणांत लगेचच्या दवाखान्याच्या नोंदीवरही क्लेम होतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवर 'सर्पदंश' हा शब्द आणि वेळ हवी. 'अज्ञात कीटकदंश' लिहिलं की पुढे सहा महिने गेले.

व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) ठेवला असेल तर रासायनिक विश्लेषण नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतून येतं, त्याला वेळ लागतो. तो येईपर्यंत थांबू नका. ३० दिवसांच्या आत शाखेत क्लेम फॉर्म द्या आणि 'व्हिसेरा अहवाल प्रलंबित, आल्यावर सादर करू' असं लिहून पोच घ्या. ज्या शाखेतून हप्ता कटला तिथेच.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आता विमा नाही. एप्रिल २०२३ पासून ते सरकारचं सानुग्रह अनुदान आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दोन्ही मिळू शकतात. पण त्याची तक्रार विमा लोकपालाकडे चालणार नाही, तिथे कंपनीच नाही.

बोंडअळी_यवतमाळ

वारसाचं नाव आधारवर 'शांताबाई', पासबुकात 'शांता', सातबाऱ्यावर 'शांताबाई भ्र.' असं. तीन नावं एकाच बाईची. काय करावं?

बँक_सखी

मृत्यूनंतर नावबदलाचं गॅझेट करत बसू नका, वेळ जातो. 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र आणि सोबत दोन ओळखपत्रं, बहुतेक शाखांत चालतं. नॉमिनीचं नाव मात्र जिवंतपणीच आधारप्रमाणे करून घ्या.

लेखापाल_अकोला

नियामक काय करतो यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कंपन्यांना आपले क्लेमचे आकडे दर तिमाहीला वेबसाइटवर टाकावे लागतात. 'पब्लिक डिस्क्लोजर' या पानावर बिगर-आयुर्विमा कंपनीसाठी एनएल-३७ मध्ये क्लेम किती आले, किती दिले, किती नाकारले. एनएल-३९ मध्ये किती दिवसांत दिले, आणि एनएल-४५ मध्ये तक्रारी. पॉलिसी घेण्यापूर्वी एजंटाचं पत्रक बाजूला ठेवून हे तीन कागद पाहावेत.

पण वाचायचे कसे? 'सेटलमेंट रेशो' संख्येवर काढतात. १ लाखाच्या क्लेमला ५५ हजार दिले तरी तो 'दिलेला' म्हणूनच मोजला जातो. नियामकाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात आरोग्य विम्याचे ८३ टक्के क्लेम दिले, ११ टक्के नाकारले, ६ टक्के बाकी असं आहे. ८३ मध्ये किती जणांचं बिल अर्ध्यावर आलं ते त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून रकमेचा आकडाही शोधावा.

शिवाय सगळं कंपनीनिहाय. वाशिम जिल्ह्यात कोणत्या कारणाने किती क्लेम नाकारले हे कुठेच छापलेलं नाही. कंपन्यांकडे ते असतं, कारण प्रत्येक नकाराला संगणकात कारणाचा कोड टाकावाच लागतो. हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे (२००९ पासून) सगळ्या कंपन्यांची माहिती जमते आणि ती फसवणूक शोधायला वापरतात. ग्राहकाला शोधता येईल असं काही तिथून मिळत नाही. माझ्या मते नियामकाने एवढा एकच नियम केला, की नकाराचे कोड जिल्हानिहाय छापा, तर निम्मे वाद दाव्याआधीच मिटतील. एखाद्या तालुक्यात 'कागद अपूर्ण' हेच कारण सत्तर वेळा दिसलं तर तिथला एजंट काय करतो ते लगेच कळेल.

संत्रा_बहार

सहमत नाही. कोड छापायला लागल्या की कंपन्या सगळं 'इतर' मध्ये टाकतील.

लेखापाल_अकोला

टाकतील. म्हणून 'इतर' ची टक्केवारीही छापायची.

ग्राहक_मंच_अमरावती

आता तक्रारीचा रस्ता. क्रम चुकला की महिने जातात.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी, ई-मेलने. १४ दिवस. समांतर 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा, किंवा १५५२५५ ला फोन. टोकन क्रमांक लिहून ठेवा. पोर्टल हे कोर्ट नाही, ते कंपनीकडून उत्तर काढून घेतं, निकाल देत नाही. पण ते उत्तर पुढे पुरावा होतं.

महिन्यात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. विदर्भ पुणे कार्यालयाच्या हद्दीत येतो. फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. मर्यादा ५० लाख, आणि कंपनीच्या नकारापासून १ वर्षाच्या आत जायचं. निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळा आहे. उलट मात्र चालत नाही, आयोगात प्रकरण दाखल असेल तर लोकपाल घेत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांची मुदत, कारण घडल्यापासून. कंपनीला पत्रं पाठवत राहिल्याने ती वाढत नाही, यात पुष्कळ जण फसतात. २०१९ च्या कायद्यात हद्द भरलेल्या हप्त्यावर ठरते, क्लेमच्या रकमेवर नाही. हप्ता ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. म्हणजे आपल्याकडची जवळजवळ सगळी प्रकरणं फुकट आणि राहत्या जिल्ह्यातच दाखल होतात. नागपूरला जायची गरज नाही.

पीक विम्याची साखळी वेगळी. १४४४७ वर नोंद करून तिकीट क्रमांक घ्या, मग तालुका समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा तक्रार निवारण समिती. मंजूर क्लेम कंपनीने मुदतीपलीकडे लांबवला तर वर्षाला १२ टक्के व्याजाची तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे. अर्जात व्याज मागितलेलं असू द्या.

आयुर्विम्यात विमा कायद्याचं कलम ४५ लक्षात ठेवा. पॉलिसीला ३ वर्षं झाली की ती कोणत्याही कारणाने खोटी ठरवता येत नाही. तीन वर्षांच्या आतल्या मृत्यूला कंपनी चौकशी करणारच. चौकशीदार घरी आला की कोऱ्या कागदावर किंवा न वाचता जबाबावर सही करायची नाही. जबाबाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.

पऱ्हाटी_धुरा

फाईल मागायच्या पत्राचा मसुदा द्याल का? पोरांना छापून ठेवता येईल.

ग्राहक_मंच_अमरावती

लहान ठेवा. लांब पत्रात कंपनी सोयीच्या मुद्द्याला उत्तर देते.

'पॉलिसी क्र. … , क्लेम क्र. … . आपल्या दि. … च्या पत्राने क्लेम नाकारला. कृपया १४ दिवसांत द्यावे: (१) नकाराचा आधार असलेलं पॉलिसीचं कलम, शब्दशः. (२) माझ्या सहीच्या प्रपोजल फॉर्मची प्रत. (३) आपण मागवलेल्या इनडोअर केस पेपरची व चौकशी अहवालाची प्रत. (४) नकाराला आपल्या क्लेम पुनरावलोकन समितीने मान्यता दिल्याचा दिनांक. (५) कापलेल्या रकमेचा ओळवार तक्ता.'

चौथा मुद्दा मुद्दाम आहे. २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे आरोग्य विम्याचा क्लेम समितीच्या मान्यतेशिवाय नाकारता येत नाही. अशी मान्यता घेतलेलीच नसेल तर हा प्रश्न वाचूनच फाईल पुन्हा उघडते.

वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा हक्क यात घालू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. आत्ता तो दाखला दिला की 'अद्याप लागू नाही' एवढंच उत्तर येईल आणि बाकीचे मुद्दे बाजूला पडतील.

टीपीए_डेस्क

पत्रात टीपीएचा क्रमांकही टाका, तो कंपनीच्या क्लेम क्रमांकापेक्षा वेगळा असतो. नाहीतर 'असा क्लेम आढळत नाही' असं उत्तर येतं.

बोंडअळी_यवतमाळ

आन आधारची झेरॉक्स जोडाची असन तं मास्क केलेली जोडजा, शेवटचे चार आकडे दिसते तेवढे पुरते. त्याच्यावर तिरपं लिवा, 'फक्त अमुक क्लेमसाठी', आन तारीख टाका. सेंटरवर एका झेरॉक्सवर तीन अर्ज भरलेले पायले हायेत लोकायनं.